वासितीचा आठवडा

प्रिय वासिती,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते घाईघाईनं फाडलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. पाद्री, पोरं, डुकरं, सगळी जागच्या जागी आहेत. अक्षर वाकडंतिकडं दिसतंय, त्याचं कारण शेवटी सांगते. फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि खरं सांगायचं तर आपल्या म्हाताऱ्या तोकीच्या मातीनंतर आपण फोनवर तरी कुठे धड बोललो? ख्रिसमसला तू माझी तब्येत विचारलीस, मी तुझी विचारली, दोघींनी एकमेकींच्या पावसाची चौकशी केली आणि संपलं. जन्मभर कोपराला कोपर लावून बसलेल्या बायकांना बोलायला पाऊस पुरतो होय? पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधे तोडता येत नाही.

तुझा मुलगा फेलेती त्याच्या काकाच्या घराचं छप्पर घालायला इकडे आला होता. गेल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तो चर्चच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागला. पोरावर रागावू नकोस. त्याच्या मनात कधीचं साठलं होतं. तो म्हणाला, "मावशी, आई दर शनिवारी ती चटई पलंगाखालून काढते, मागच्या अंगणात उन्हात पसरते, झाडते, आणि संध्याकाळी परत गुंडाळून आत सारते. एक पातसुद्धा पुढे विणलेली नाही. इकडून नेली होती तेवढीच आहे." घरी आले तर जेवण समोर होतं, भट्टीतून नुकतं काढलेलं, अळूच्या पानात शिजलेलं मटण, वर नारळाचं दूध. मी ते बाजूला सारलं. मी जेवण बाजूला सारलं म्हटल्यावर काय ते तूच समजून घे.

त्या दिवसापासून कानात तोकीची टाकी वाजतेय. पोरं शाळेत गेली की चर्चमागच्या आंब्याला टांगलेली ती गॅसची रिकामी टाकी म्हातारी लोखंडी बोल्टनं अशी बडवायची, की कोंबड्या रस्ता सोडून पळायच्या. मग आपण एकेक जण तोंड पाडून तोउलालांगाला, आपल्या विणायच्या बैठकीला, निघायचो. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाचं नवऱ्याशी वाजलंय, कुणाला नुसताच कंटाळा आलाय. तोकी हॉलच्या दारात मांडी घालून बसलेली असायची, सगळ्यांची तोंडं बघायची आणि रोज तेच म्हणायची, "मन घरी ठेवून या गं, हात तेवढे आणा." आजारपण चालायचं, मयत चालायची. 'आज वाटत नाही' हे कारण चालायचं नाही. वाटतंय का, असं तिनं कधी कुणाला विचारलंच नाही. तेव्हा मला ती बाई दगडाची वाटायची.

मी तर मूळचीच आळशी. आई म्हणायची, हिला जन्माला यायचाही कंटाळा होता. केवड्याची पात खाडीत भिजत घाला, वाळवा, शिंपल्यानं खरवडा, मग नखानं उभी चिरा, नुसतं ऐकूनच मला जांभया यायच्या. स्वतःच्या चटईसाठी मी कधी हात हलवला नसता. पण ती रोज माझी चटई नसायचीच ना. या आठवड्यात कालोची, पुढच्या आठवड्यात तुझी, त्यानंतर आणखी कुणाची. पुरुषांची एकमेकांच्या शेतावर इर्जिक असते तशी आपली चटईवर. जिचा आठवडा, तिची चटई जमिनीवर अंथरायची आणि सगळ्यांनी ओळीनं बसून आपापल्या पुढ्यातला पट्टा विणायचा. उठताना सगळे पट्टे एका रेषेत आले पाहिजेत. माझा कायम मागे. तू तुझा संपवायचीस आणि माझ्या पट्ट्यात कोपर खुपसायचीस. किती वर्षं तुझं कोपर माझ्या बरगडीत होतं! मी कुरकुरायचे, जरा जागा सोड की म्हणायचे, आणि मनातून मात्र ते कधी येतंय याची वाट बघायचे. जिचा आठवडा तिनं चहा आणि गुलगुले करायचे ही आपली रीत. माझ्या आठवड्यात सगळ्या घरूनच खाऊन यायच्या ते मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

चक्रीवादळाचं वर्ष आठव. तुझा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्यात तुझं छप्पर उडून चर्चच्या अंगणात येऊन पडलं. तू भावाच्या घरी भिंतीकडे तोंड करून निजलीस ती उठेनाशीच झालीस. पाद्री येऊन समजावून गेला, भाऊ ओरडून गेला, मी येऊन तुझ्यापेक्षा जास्त रडून गेले. तोकी काही आली नाही. तिनं टाकी वाजवली. आंबा आडवा झाला होता म्हणून टाकी नुसती जमिनीवर उभी करून वाजवली. आठवडा तुझा होता. तुझी चटई ढिगाऱ्यातून निघालेली, एका कडेला चिखल लागलेली, आम्ही तीच पुसून अंथरली आणि विणायला बसलो. चहाची वेळ झाली तरी चहा नाही. तेव्हा तोकी तुझ्या भावाच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "काय बाई तरी, लोकांना कामाला लावलंय आणि चहासुद्धा विचारत नाही." थोड्या वेळानं तू आलीस, केस न विंचरता, हातात किटली. चहात साखर नव्हती. सगळ्यांनी तो तसाच पिऊन संपवला. तू बसलीस, एक ओळ विणलीस आणि उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी चहात साखर होती.

आपल्या चटईवर बायका राबताहेत आणि आपण घरात लोळतोय, ही लाज कुणालाच सोसत नाही. तोकीला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं तुला धीराचा एक शब्द दिला नाही. तिनं फक्त आठवडा चुकू दिला नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता.

मग फेलेतीनं तुला तिकडे ऑकलंडला, मांगेरेतल्या आपल्या घरी बोलावून घेतलं, नातवंडं सांभाळायला. निघायच्या वेळी तुझी मोठी चटई अर्ध्यावर आली होती, नातीच्या लग्नासाठी म्हणून धरलेली. तू म्हणालीस, मी घेऊनच जाते, तिकडे रिकामीच तर बसणार आहे. धरलेली चटई संपल्याशिवाय हॉलबाहेर जात नाही, ही आपली आज्यापणज्यांपासूनची रीत. पण तुला ती मोडायचं काही वाटलं नाही, आणि आम्हालाही वाटलं नाही. एकटी तोकी आडवी आली. चटई इथं राहू दे, तू जा, आम्ही संपवून पाठवू, असं म्हणाली. तू दुखावलीस. साहजिक होतं, या बेटावर तुझ्या हातांना तोड नव्हती. तू तिला विचारलंस, माझ्या हातांवर तुझा भरवसा नाही का? तोकीनं हातातलं पातीचं भेंडोळं गुंडाळून संपवलं. मग म्हणाली, "हात तुझे आहेत गं. सवय आपल्या सगळ्यांची आहे."

आम्ही हसलो. वाटलं, बैठकीतला पहिला हात चालला म्हणून म्हातारीचा जीव जळतोय. तुझी गुंडाळी दोरीनं आवळून मीच बांधून दिली. फेलेती सांगतो की दोरी अजून तीच आहे.

सुरुवातीला तुझे फोन काय उत्साहाचे असायचे! पोरानं खोलीचा कोपरा रिकामा करून दिला, मोठा दिवा आणला, गुडघ्यांखाली जाड गालिचा, आणि सगळं घर दिवसभर शांत. मला हेवा वाटला होता. इकडे कालोचा नातू चटईवर मुततो, कोंबडी पात घेऊन पळते, पावसात हॉल गळतो. मग हळूहळू तुझ्या फोनवर दुसरंच यायला लागलं. नातवाला ताप, सुनेची रात्रपाळी, थंडीनं बोटं वळत नाहीत. "जरा मन लागू दे, एका झटक्यात संपवते," असं म्हणायचीस. आणि मीही शहाणी, घाई काय आहे, मन लागेल तेव्हा विण, असं म्हणायचे. जो शब्द हॉलच्या दाराबाहेर ठेवून आत जायचो, तोच आपण फोनवर एकमेकींच्या हातात देत होतो आणि दोघींच्याही लक्षात येत नव्हतं. मधे नातीनं तुझ्या फोनवर रोज सकाळी वाजणारं एक गाणं लावून दिलं, विणायची आठवण म्हणून. महिन्याभरात तू हसत सांगितलंस, की आता न बघताच ते बंद करता येतं. फोनला कोण घाबरतं? टाकीच्या मागे तोकी उभी असायची.

पुढे 'होत आलीये' सुरू झालं. दर वेळी होत आलीये. मग तुझ्या नातीच्या लग्नाचे फोटो आले. ती ज्या चटईवर बसली होती तिची वीण मी भिंग लावून बघितली. हात तुझा नव्हता. कुठूनतरी विकत आणलेली होती. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, आणि त्यानंतर आपल्या फोनवर पाऊस जास्त पडायला लागला.

तोकी अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं टाकी आपल्या खिडकीबाहेर टांगून घेतली. तिथंही हात पोचेना तेव्हा चमच्यानं पलंगाची सळई वाजवायची. शेवटी शेवटी माणसं ओळखायची नाही, पण सारखं म्हणायची, "वासितीचा आठवडा राहिलाय." आम्हाला वाटलं, भ्रमलीय. कालो तिचा हात थोपटायची आणि हो हो म्हणायची. मीही हो हो म्हणाले.

मातीला तू आली नाहीस. आम्ही सगळ्या काळे कपडे घालून, मयताच्या रीतीप्रमाणे कमरेला जुन्या फाटक्या चटया गुंडाळून पेटीपाशी बसलो होतो. तिच्याखाली चटयांची ही एवढी थप्पी, आणि त्यातल्या प्रत्येक चटईत आपल्या सगळ्यांचे पट्टे. तुझे पट्टे मी लांबून ओळखत होते. तुझ्याकडून फुलं आली, पैसे आले, तिकिटं फार महाग आहेत असा निरोप आला. मी संतापले. चारचौघींत म्हणाले, हिला ऑकलंडचं पाणी लागलं. ते तुझ्या कानावर गेलंच असणार, आपलं गाव तसं कामसू आहे.

पायरीवर फेलेतीनं मला शेवटी जे सांगितलं ते हे. तिकीट काढलेलं होतं. बॅग भरलेली होती. निघायच्या सकाळी तू गुंडाळी उघडून खाली बसलीस, फेलेती गाडी काढून हाका मारत राहिला, आणि तू त्याला म्हणालीस, "रिकाम्या हातानं तोकीसमोर कशी जाऊ?" मग बॅगेतून एकेक कपडा काढून परत कपाटात ठेवलास.

वासिती, अगं तोकीला तुझ्या चटईचं काय करायचं होतं? तिला तू हवी होतीस. चटई तर ती तुला ठेवून जा म्हणत होती. पण हे तुला सांगायला आता फार उशीर झालाय, आणि या उशिराचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. वादळाच्या वेळी ज्या लाजेनं तुला किटली घेऊन घराबाहेर काढलं, त्याच लाजेनं तिकडे तुला घरात कोंडून घातलं. इथं लाज वाटून बाहेर आलं तर समोर ओळीनं बायका बसलेल्या असायच्या, सरकून जागा करायच्या. तिथं दार उघडून बघितलंस तर शेजाऱ्याची गाडी. तू एकटीनं त्या चटईशी किती भांडली असशील! दर शनिवारी उन्हात घालत होतीस म्हणजे सोडून दिली नव्हतीस. मला हे कळलं असतं तर मी तुझ्याशी पावसावर बोलले नसते. गाव तुला कष्टाळू म्हणायचं आणि मला आळशी. आज माझ्या गादीखाली चटयांची एवढी चळत आहे की पलंगावर चढायला धाप लागते, आणि तुझ्यासारखीच्या पलंगाखाली एक अर्धी. मी ती चळत बघते आणि मला लाज वाटते. त्यातलं माझं किती आणि तुझ्या कोपराचं किती, ते मला माहीत आहे.

आता हस. टाकी हल्ली मी वाजवते. तोकीच्या लेकीनं बोल्ट आणून माझ्याच हातात ठेवला, गावात दुसरं कुणी मिळालं नसेल. सकाळी उठवत नाही, पण मी जरा उशीर केला तर कालो दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहते, म्हणून उठते. तिघीच उरलोय. बाकीच्या तुझ्यासारख्या विमानात बसून गेल्या, कुणी सिडनीला, कुणी तुझ्याच शहरात. तुझी जागा तोकीनं कुणाला दिली नव्हती, मीही दिली नाही. त्यामुळे ओळ तुझ्या जागेपाशी नेहमी मागे पडते. मग मी माझा पट्टा कसाबसा उरकते आणि तिथं कोपर खुपसते. मला काही तुझ्यासारखं जमत नाही, पण ओळ सरळ येते.

तर आता अक्षराचं. साखरेनं माझे डोळे खाल्लेत. बारीक वीण दिसत नाही, बोटांनी चाचपून विणते. इथल्या डॉक्टरनं हात टेकले, म्हणून माझ्या लेकीनं, सियूनं, तिकडचं ऑकलंडचं तिकीट पाठवलंय. थोडे महिने, असं म्हणते. तुलाही फेलेतीनं थोडेच महिने सांगितले होते. माझीही चटई अर्ध्यावर आहे. काल कालो म्हणाली, घेऊन जा, तिकडे रिकामीच असशील. मी ती हॉलमधे अंथरलेलीच ठेवली आणि टाकी कालोच्या हवाली केली. बोल्ट मात्र मी घेतलाय, ती हातोडीनं वाजवेल. म्हणजे बघ, मी तुझ्याकडे रिकाम्या हातानं येतेय, वासिती. पातीचं एक भेंडोळं आहे सोबत, पण ते तुझ्या चटईचं आहे. नवी पात पांढरी दिसेल, तुझी एव्हाना पिवळी पडली असेल. सांधा दिसेल. दिसू दे, मधली वर्षं कुठंतरी दिसायला हवीतच. सियूच्या घरापासून तुझं घर एका बसवर आहे म्हणे. मी पोचल्यानंतरच्या सोमवारी, पोरं शाळेत गेली की तुझ्या दारात येईन आणि दिसेल त्या पत्र्यावर बोल्ट हाणीन. शेजारी पोलीस बोलावतील तर बोलावू देत. त्या सकाळी मला यायची अजिबात इच्छा नसेल, मी मला ओळखते. थंडी असेल, गुडघा दुखत असेल, बस सापडणार नाही. तरी येईन, कारण आठवडा तुझा आहे. तुला विणावंसं वाटलं नाही तर विणू नकोस. मी तुझी चटई अंथरून बसेन आणि दिसत नाही तसं विणेन. तू फक्त चहा घेऊन ये. साखर नसली तरी चालेल, मला आता बंदच आहे.

बरगडीत कोपराची वाट बघणारी,
तुझीच
लोसालिने